बॉर्डर कॉली पाळताना या चुका टाळा

‘कुत्रा फार हुशार आहे, पण घरात एक मिनिट स्वस्थ बसत नाही. रोज दोन तास चेंडूमागे पळवतो, तरी दमत नाही.’ बॉर्डर कॉली पाळणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. यातल्या ‘दोन तासां’त काही गैर नाही. तरण्याताठ्या, निरोगी कॉलीला एवढा व्यायाम लागतोच. गडबड आहे ती ‘चेंडूमागे’ या शब्दात.

का, ते समजायला या जातीचं मूळ काम बघावं लागतं. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगराळ भागात मेंढ्या वळणारी ही कुत्री. आजच्या जवळजवळ सगळ्या बॉर्डर कॉलींची वंशावळ १८९३ साली जन्मलेल्या ‘ओल्ड हेम्प’पर्यंत जाऊन पोचते. नॉर्थम्बरलंडच्या अ‍ॅडम टेलफर यांचा हा कुत्रा न भुंकता, अंगावर न जाता, शांतपणे आणि नजरेच्या धाकाने कळप हलवायचा. कुत्र्याच्या शिकारीत हेरणं, नजर रोखणं, दबकत पुढे सरकणं, पाठलाग, चावा आणि मारणं अशी साखळी असते. मेंढपाळांनी पिढ्यानपिढ्या निवड करून यातले पहिले टप्पे तीव्र केले आणि शेवटचे दाबून टाकले. म्हणजे तुमच्या घरात जे पिल्लू आलंय, त्याला हलणारी प्रत्येक गोष्ट हेरायची आणि आवरायची आहे. ही खोड नाही, हाच त्याचा पिंड आहे.

थकवून शांत करण्याचा नाद सोडा

चेंडू सलग फेकत राहिलं की कॉली साखळीतला पाठलागाचा तुकडा पुन्हा पुन्हा करत राहते. शरीर दमतं, पण मेंदू तापलेलाच राहतो. शिवाय दमसास वाढत जातो, म्हणजे महिन्याभराने तेवढंच पळणं तिला पुरत नाही. तुम्ही घरी एक धावपटू तयार करत असता. पिल्लांच्या बाबतीत तर हे धोक्याचंच. हाडांची वाढ पूर्ण व्हायला साधारण बारा ते अठरा महिने लागतात, तोवर उंच उड्या, झपकन वळणं आणि सक्तीची लांब दौड टाळावी.

त्याऐवजी व्यायामाचे तुकडे करा. निम्मा वेळ सैल लांब दोरीवर हुंगत, रमतगमत फिरणं. दिवसातून तीनचार वेळा पाच-दहा मिनिटांचं शिकवणं: वस्तू नावाने ओळखून आणणं, लपवलेली वस्तू वासाने शोधणं. या जातीची बुद्धी खरोखर अफाट आहे. अमेरिकेतल्या ‘चेसर’ या कॉलीने हजाराहून जास्त खेळण्यांची नावं ओळखून दाखवली होती. दहा मिनिटं डोकं चालवून ती जशी निवांत होते, तशी तासभर पळूनही होत नाही.

आणि मुख्य म्हणजे विश्रांती शिकवा. हो, कॉलीला ती शिकवावी लागते. एक ठरावीक चटई घ्या. पिल्लू आपणहून तिच्यावर गेलं की बक्षीस म्हणून खाऊ, बसलं की बक्षीस, एका कुशीवर कलंडलं की आणखी एक, तेही हळू आवाजात, पंजांच्या मध्ये ठेवून. फेकायचं नाही, नाहीतर ते पुन्हा उठून सावध होतं. सुरुवातीला एखादं मिनिट पुरे. मेंढपाळ काम संपलं की कुत्र्याला ‘दॅट्ल डू’ (बस, झालं) म्हणतात, आणि कुत्रा कळप सोडून परत येतो. घरातही खेळ संपल्याचा असा एकच ठरलेला शब्द हवा. तो उच्चारल्यानंतर ‘बरं, अजून एकदा’ म्हणून चेंडू फेकलात, तर त्या शब्दाला काही किंमत राहत नाही. पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपतं. संध्याकाळी उगाच सैरावैरा पळणारं, हात चावणारं पिल्लू बहुधा झोपेला आलेलं असतं. त्याला आणखी खेळवू नका.

मुलांच्या टाचा आणि गाड्यांची चाकं

पळणाऱ्या मुलाच्या टाचेला हलकेच दात लावणाऱ्या पिल्लाचं घरात कौतुक होतं. तेच सहा महिन्यांनी पँट फाडतं आणि मग मार खातं. दोन्ही चूक. रागावल्याने प्रेरणा जात नाही, फक्त लपते किंवा भीतीशी जोडली जाते.

इथे नजर ठेवायची ती पळण्यावर नव्हे, त्याच्या आधीच्या क्षणावर. मान खांद्यांच्या रेषेखाली जाते, शेपूट खाली स्थिर होतं, पुढचा एक पंजा अर्धवट उचललेला राहतो, डोळे मिटत नाहीत. झेप घेण्याआधीचे हे एकदोन सेकंद तुमचे असतात. याच वेळी हाक मारा, वळून पाहिलं की भरपूर बक्षीस द्या आणि विरुद्ध दिशेला चालू लागा. झेप घेतल्यावर मारलेली हाक तिच्या कानापर्यंत पोचतच नाही. हाकेनेही वळत नसेल तर तुम्ही गाड्यांच्या फार जवळ आहात. अंतर वाढवा. ती गाडी पाहूनही खाऊ घेऊ शकेल, एवढं लांब जा आणि तिथून काही आठवड्यांत हळूहळू जवळ या. रस्त्यालगत दोरी सोडू नका, कुत्रा कितीही आज्ञाधारक असला तरी. गाडीचा पाठलाग करताना कॉली जिवानिशी जाते.

मुलांना एकच नियम: कुत्रा मागे लागला की जागच्या जागी उभं राहायचं. लहान मूल आणि कॉली यांना मोठ्या माणसाच्या देखरेखीशिवाय एकत्र सोडू नये.

लेझर, सावल्या, कवडसे

ही चूक सगळ्यात निरुपद्रवी वाटते आणि सगळ्यात महागात पडते. लेझरचा ठिपका कधीच हाती लागत नाही, त्यामुळे पाठलागाला शेवट नसतो. काही कॉली पुढे घड्याळाच्या काचेचा भिंतीवर पडलेला कवडसा, पंख्याची सावली, असं काहीही तासन्‌तास न्याहाळत बसतात. जेवणावरून लक्ष उडतं. लेझरचा खेळ मुळीच सुरू करू नका. सवय लागली असेल तर पडदे ओढून कवडसे कमी करा, ओरडू नका, हसूही नका, आणि लवकरात लवकर पशुवैद्याला दाखवा. हा मानसिक आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

अंगावरचे केस भादरू नका

दुहेरी कोट असतो: आत मऊ लोकर, वर लांब केस. उन्हाळ्यात भादरल्याने थंडावा मिळतो हा गैरसमज आहे. उन्हाचा थेट मारा बसतो आणि केस पुन्हा नीट येतीलच असं नाही. आठवड्यातून दोनतीनदा विंचरा, गळतीच्या दिवसांत रोज. कानांमागे आणि मांड्यांवर गुंते आधी होतात.

उन्हातलं खरं पथ्य वेगळं आहे. कॉली थांबत नाही, तुम्हाला थांबवावं लागतं. या जातीत काही कुत्र्यांना थोड्याच वेळाच्या जोरकस पळण्यानंतर मागचे पाय लटपटणं, भोवंडल्यासारखं होणं असा त्रास होतो. असं दिसलं की खेळ तिथेच बंद, सावली, पाणी, आणि त्याच दिवशी डॉक्टर.

घेण्याआधी विचारायचे प्रश्न

आईवडिलांच्या खुब्याच्या सांध्यांची तपासणी झाली आहे का? ‘कॉली आय अ‍ॅनोमली’ या डोळ्यांच्या आनुवंशिक विकाराची जनुकीय चाचणी केली आहे का? पिल्लाचे डोळे पाच ते आठ आठवड्यांच्या दरम्यान तज्ज्ञाने पाहिलेले बरे, कारण सौम्य दोष नंतर रंगद्रव्याखाली झाकला जातो आणि तपासणीत सापडत नाही. एमडीआर१ या जनुकातला दोष रफ कॉली या दुसऱ्या जातीइतका बॉर्डर कॉलीत आढळत नाही, पण असला तर आयव्हरमेक्टिन या परजीवींवरच्या औषधाचे मोठे डोस जीवघेणे ठरतात. म्हणून चाचणी करा आणि जंतांचं किंवा गोचिडांचं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका.

ठिपक्याठिपक्यांच्या मर्ल रंगाची फार हौस असते. दोन मर्ल कुत्र्यांची जोडी लावली तर सरासरी चारातल्या एका पिल्लाला तो जनुक दोन्हीकडून मिळतो, आणि अशी पिल्लं बहिरी किंवा आंधळी जन्मण्याचा धोका फार मोठा असतो. आईवडील दोघेही मर्ल असतील तर तिथून पिल्लू घेऊ नका.

आणि दिवसाचे दहा तास घर बंद राहणार असेल, तर ही जात सध्या घेऊ नका. एखादा शांत, मोठ्या वयाचा कुत्रा त्या घरात जास्त सुखाने राहील.