तानपुरा सांभाळताना या चुका टाळा: आधी तो पॉलिश पेपर खाली ठेवा

तानपुरा नीट बोलेना की नव्या विद्यार्थ्याचा हात आधी पॉलिश पेपरकडे जातो. हे बघून बघून मी थकलो आहे. घोडी म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती हाडाची पट्टी. तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला डोळ्यांना जेमतेम कळेल असा उतार असतो. तार त्या उतारावर टेकत-सुटत राहते, म्हणून तिच्यातून इतके स्वर उमलतात. जवारी ती हीच. कानस चार वेळा जास्त फिरली की उतार गेला, आणि झिजलेलं हाड परत भरून येत नाही.

ओळखीतल्या एका मुलीने व्हिडिओ बघून कार्यक्रमाच्या आदल्या रात्री घोडी घासायला घेतली. तानपुरा मिरजेचा, तिच्या आजीचा. खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वराची तार, बंद वाटला म्हणून खर्जाखाली घासलं, मग जोड, म्हणजे मधल्या दोन तारा, बिघडला म्हणून जोडाखाली. सकाळी चारही तारा मुक्या. मिरजेच्या कारागिराने घोडी उजेडात तिरपी धरून बघितली आणि नवीच बसवावी लागेल म्हणाला. मूळ दुखणं काय होतं? खर्जाची तार आणि घोडी यांच्यामध्ये घातलेला दोरा सरकला होता, एवढंच.

म्हणून मी आधी दोऱ्याकडेच बघतो. साधा सुती दोरा, दबलेला असेल तर नवा. तार छेडत राहायची आणि दोरा केसभर मागे-पुढे सरकवायचा. एका जागी आवाज उघडतो. घाई केलीत तर ती जागा हुकते. दोऱ्याने काम झालं नाही तर तार बघा: गंजली असेल तर बदला. त्यानंतरच कारागीर. मिरजेत शिकलगारांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या हे काम करतात, तिथल्या तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. कानाने जवारी काढणारा माणूस सोडून यूट्यूबवर भरवसा ठेवणं मला पटत नाही.

दुसरी चूक, चारही तारा एकदम काढणं. बहुतेक तानपुऱ्यांत घोडी तारांच्या दाबावरच उभी असते. दाब गेला की ती हलते आणि मग तिची जागा कुणालाच आठवत नाही. एक तार काढा, तिथे नवी चढवा, मग पुढची. तरीही तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी पाटीवर, घोडीच्या पायांशी पेन्सिलने बारीक खूण करून ठेवाच.

काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराचा) मोठा मर्दानी तानपुरा त्याहून बऱ्याच वरच्या काळी चारला ओढू नका. तारा तुटतात, तबलीवरही ताण येतो. बायकांच्या पट्टीसाठी तानपुरा वेगळा असतो, तारांची जाडीही वेगळी.

घोडीच्या खाली तारांत ओवलेले मणी मध्यावर ठेवून खुंटीनेच स्वर जवळ आणा. मणी बारीक फरकासाठी आहेत.

उन्हाळ्यात खुंटी घसरली तर थोडा खडू लावा. पावसाळ्यात ती फुगून अडकते. पक्कड लावू नका, हलकेच मागे-पुढे फिरवून सोडवा.

खुंटीला तेल कधीही नको.

वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा, घामाने त्या लवकर काळ्या पडतात.

गवसणी धुळीपासून वाचवते, धक्क्यापासून नाही. भोपळा आतून पोकळ असतो, एसटीच्या डिकीत बॅगांखाली गेला की तडकतो. प्रवासाला निघताना तारा दोनेक स्वर उतरवा, भोपळ्याभोवती जाड गोधडी गुंडाळा आणि वाद्य स्वतःजवळ ठेवा, त्यासाठी वेगळं तिकीट काढावं लागलं तरी.