पुलावर सेन्सर बसवताय? सिव्हिल आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या भागीदारीत या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडचा मलप्रभेवरचा पूल असो की चिकोडीकडे पुरात कृष्णेच्या पाण्याखाली जाणारा बंधारा, सेन्सर लावायचा म्हटलं की दोन विभागांचे संशोधक एकत्र येतात. मग काम अडतं ते बहुतेकदा ‘हे समोरचे बघतील’ असं दोघांनीही धरलेल्या बाबींवर.

सगळ्यात महाग पडतं तापमान. काँक्रीटमध्ये एका अंशाला साधारण १० मायक्रोस्ट्रेन (एक मायक्रोस्ट्रेन म्हणजे लांबीच्या दहा लाखाव्या भागाइतका बदल) प्रसरण होतं. गर्डर, म्हणजे पुलाची तुळई, दिवसभरात १० अंश तापला तर १०० मायक्रोस्ट्रेन नुसत्या उन्हाचेच. उसाची भरलेली ट्रॉली जाताना उमटणारा आकडा पुष्कळदा याच्या निम्माही नसतो. आलेख रोज वरखाली झाला की इलेक्ट्रॉनिक्सवाले त्याला ड्रिफ्ट, म्हणजे सेन्सरचं आपोआप सरकणं, समजून फिल्टरने कापतात, आणि सिव्हिलवाल्यांना हवा असतो नेमका तोच भाग. म्हणून प्रत्येक स्ट्रेन गेजशेजारी (लांबीतला हा बदल मोजणारी पट्टी) थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, चिकटवा, आणि कच्चा डेटा जसाच्या तसा साठवून फिल्टर नंतर लावा.

केबलही फसवते. १० मीटर लांब, ०.५ चौरस मिलिमीटरची दोन तारांची तांब्याची केबल १० अंशांनी तापली, की १२० ओहमच्या गेजवर सुमारे ११० मायक्रोस्ट्रेनचं खोटं वाचन येतं. तीन तारांची जोडणी करा, शक्यतो ३५० ओहमचा गेज घ्या. गेजची लांबी मात्र सिव्हिलवाल्यांनी सांगायची. २० मिलिमीटर खडीच्या काँक्रीटवर ५ मिलिमीटरचा गेज एकाच खड्यावर बसतो आणि त्या खड्यापुरतंच मोजतो. किमान ६० मिलिमीटरचा हवा.

पाण्याची पातळी मोजायला स्वस्त म्हणून अल्ट्रासॉनिक सेन्सर लावतात. हवेतल्या ध्वनीचा वेग एका अंशाला सुमारे ०.१८ टक्के बदलतो. पाणी ५ मीटर खाली असेल आणि हवा १० अंशांनी बदलली, तर ९ सेंटिमीटरची चूक! सावलीत हवेचं तापमान मोजून दुरुस्ती करा, किंवा परवडत असेल तर रडार घ्या. त्याहून मोठी चूक शून्य कुठून धरायचं याची. ‘सेन्सरपासून इतके मीटर’ हा आकडा पुराच्या वेळी कुणाच्याच कामाचा नाही. वरच्या अंगाला महाराष्ट्रातल्या राजापूर बंधाऱ्याच्या पातळीशी ताडून बघायचं तर बेंचमार्कवरून (उंची ठाऊक असलेली पक्की खूण) लेव्हल आणून वाचन समुद्रसपाटीच्या संदर्भातच द्या. हे अर्ध्या दिवसाचं काम, पण ते नेमकं कुणाचं हे ठरलेलं नसतं.

कंपनं मोजणाऱ्या दोन नोडची (सेन्सर, बॅटरी आणि रेडिओची पेटी) घड्याळं जुळत नसतील तर मोड शेप, म्हणजे पूल हलताना घेतो तो आकार, विसरा. घड्याळातला साधा २० पीपीएमचा (दहा लाखांत २० इतकी चूक असलेला) क्रिस्टल दिवसाला १.७ सेकंद सरकू शकतो. ४ हर्ट्झने हलणाऱ्या पुलाची एक फेरी पाव सेकंदात होते. जीपीएसचा पीपीएस सिग्नल (दर सेकंदाला येणारा अचूक ठोका) घ्या. डेटा पाठवायला लोरा मॉड्यूल (कमी विजेवर लांबवर पोहोचणारा रेडिओ) मागवताना ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचंच मागवा. ९१५ वालं स्वस्त मिळालं तरी आपल्याकडे चालत नाही.

बॅटरीचा हिशेब मे महिन्याच्या उन्हावर करू नका. जुलैत खानापूरला आठवडाभर ऊन दिसत नाही. नोड सरासरी ५० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला १.२ अँपिअर-तास, सात दिवसांचे ८.४. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे १७ अँपिअर-तासांची लागते. पेटीची केबल खालच्या बाजूने आत घ्या आणि शिरण्याआधी तिला लोंबता वळसा द्या, नाहीतर पाणी केबलवरून ओघळत थेट ग्लँडवर (केबल आत शिरते तिथलं बूच) येतं. बसवण्याचं काम मिरगाच्या आधी उरकलेलं बरं.

पूल महामार्गाचा, सार्वजनिक बांधकामचा की पाटबंधारेचा, हे आधी शोधा. राज्याच्या कचेरीत अर्ज कन्नडमध्ये लिहून न्या आणि सोबत कुठे काय लावणार त्याचा नकाशा जोडा. तोंडी परवानगीवर शिडी लावू नका. भोक पाडण्याआधी रीबार लोकेटरने सळ्या शोधायच्या. प्रीस्ट्रेस्ड गर्डरला (आत ताणलेल्या पोलादी केबल असलेला) तर ड्रिल लावूच नका, आतली केबल तुटली तर दुरुस्ती फार अवघड. त्याऐवजी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपमधून गर्डरच्या मापाचा क्लॅम्प करून घ्या. ॲक्सिलरोमीटर, म्हणजे कंपनं मोजणारा सेन्सर, बसवायचा असेल तर क्लॅम्प आणि काँक्रीटमध्ये रबर घालू नका. कंपनं तिथेच मरतात.