एका ओळीचा पॅच, दोन दिवसांचा बिल्ड

पॅकेजिंगच्या, म्हणजे सोर्स कोडपासून इन्स्टॉल करण्याजोगं पॅकेज बनवण्याच्या कामाला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात बिल्ड अडला, कोडपासून प्रोग्रॅम तयार होईना. तक्रार काय, तर ऑटोमेक (बिल्डच्या फाइली बनवणारं साधन) सापडत नाही. मी 'कॉन्फिगर डॉट एसी'मधली (हिच्यापासून कॉन्फिगर स्क्रिप्ट बनते) एक ओळ पॅचने, म्हणजे मूळ कोडवर लावायच्या छोट्या बदलाने बदलली होती, बस. तयार कॉन्फिगर स्क्रिप्ट टारबॉलमध्येच (सोर्स फाइलींच्या गठ्ठ्यात) होती, मग ऑटोमेक हवं कुणाला? घाईघाईने ते इन्स्टॉल केलं, तर आवृत्ती जुळेना.

गोम अशी की बिल्ड चालवणारं 'मेक' हे साधन काय बदललं ते ठरवताना फाइलींचा मजकूर बघतच नाही, तारखा बघतं. मूळ फाइल तिच्यापासून बनलेल्या फाइलीपेक्षा नवी दिसली की पुन्हा बनवायला घेतं. 1976 साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक लिहिलं तेव्हापासून हाच हिशेब. पॅच लागताच माझी फाइल कॉन्फिगरपेक्षा नवी झाली होती.

पॅच नसतानाही असं होतं. गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) फाइलींच्या तारखा साठवत नाही. चेकआउट केलं, म्हणजे फाइली त्यातून बाहेर काढल्या, की त्या क्षणाची वेळ लागते आणि कोण आधी, कोण नंतर हे नशिबावर. टारबॉल उलगडताना तारखा टिकतात, साध्या सीपी कमांडने कॉपी केल्या की जातात.

असं काही दिसलं तर अंदाज बांधत बसू नका. मेकला 'डीबग' पर्याय द्या, कोणती फाइल कोणापेक्षा नवी आहे ते ते स्वतःच सांगतं. मी आधी 'एन' पर्यायावर विसंबलो होतो, म्हणजे नुसतं दाखव, करू नकोस. पण मेकफाइल (मेकसाठीच्या सूचनांची फाइल) स्वतःच जुनी ठरली असेल, तर मेक ती तरीही बनवायला घेतंच! दुसरा दिवस त्यात गेला.

सगळ्या फाइलींना टचने (तारीख बदलणारी कमांड) एकच वेळ दिली की मेक गप्प बसतं, कारण समान म्हणजे नवी नव्हे. पण मग माझी बदललेली ओळ कॉन्फिगरमध्ये उतरलीच नसती. म्हणून मी सरळ बिल्डमध्येच ऑटोरीकॉन्फ (कॉन्फिगर वगैरे नव्याने बनवणारी कमांड) चालवतो. डेबियन लिनक्समध्ये डेबहेल्पर या पॅकेजिंगच्या साधनाच्या कॉम्पॅट 10 या पातळीपासून ते आपोआपच होतं.

पायथनचं गणित निराळं. पीवायसी फाइलीत (कंपाइल करून ठेवलेल्या मॉड्यूलच्या) सोर्सची वेळ आणि आकार नोंदलेला असतो, आणि तिथे नवी-जुनी नाही, तंतोतंत तीच वेळ लागते. कंपाइल झाल्यावर पॅकेजिंगच्या साधनाने तारीख बदलली, की प्रोग्रॅम सुरू होताना मॉड्यूल पुन्हा कंपाइल होतं. सिस्टिमच्या फोल्डरात साध्या युजरला लिहिता येत नाही, त्यामुळे दर वेळी तेच, तेही एकही एरर न दाखवता. यावर पायथन 3.7 मध्ये तारखेऐवजी हॅश (मजकुरावरून काढलेला आकडा) तपासणाऱ्या पीवायसीची सोय आली.