सहा कोअरचा प्रोसेसर, दिसतात मात्र चार? या चुका टाळा

मागच्या महिन्यात नाशिकच्या सातपूरला एका डाय बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये जाणं झालं. ड्रॉइंगच्या पीसीतला आय३-८१०० काढून त्यांनी आय५-८४०० बसवला होता. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग. आधीचा चार कोअरचा, नवा सहाचा. तरी विंडोजचा टास्क मॅनेजर चारच दाखवत होता. "दादा, प्रोसेसर खराब दिलाय, परत करतो," मालक म्हणाले. डबा भरून तयारच होता.

प्रोसेसर उत्तम होता. मी विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून 'एमएसकॉन्फिग' उघडलं. त्यात बूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. 'नंबर ऑफ प्रोसेसर्स'समोर टिक आणि खाली आकडा ४. कुणीतरी जुन्या प्रोसेसरच्या वेळी 'स्पीड वाढतो' म्हणून ती टिक करून ठेवली होती. टिक काढली, रिस्टार्ट केलं, सहाच्या सहा कोअर हजर.

ही टिक करणं हीच सगळ्यात मोठी चूक, आणि ती मला सतत दिसते. व्हिडिओ पाहून पोरं सगळ्यात मोठा आकडा निवडतात. पण टिक नसते तेव्हा विंडोज आपणहून सगळे कोअर वापरतंच. त्या जागी फक्त मर्यादा घालता येते, वाढ होत नाही. ती मर्यादा प्रोसेसर बदलला तरी तशीच राहते. फॉरमॅट मारला असता तर तीही गेली असती, हे खरं. पण सगळी सॉफ्टवेअर लायसन्ससकट पुन्हा टाकण्यात त्या माणसाचे दोन दिवस गेले असते. एका टिकसाठी एवढी शिक्षा कुणालाच नको.

तक्रार करण्याआधी मोजणी मात्र नीट करा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडलं की 'कोअर्स' (खरे कोअर) आणि 'लॉजिकल प्रोसेसर्स' (विंडोज कामासाठी मोजतं ते) असे दोन आकडे दिसतात. आय५-८४०० ला दोन्ही सहा. आय७-८७०० ला सहा आणि बारा. आय७ असून दोन्हीकडे सहाच दिसले, तर कोअर शाबूत आहेत, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) हायपर-थ्रेडिंग, म्हणजे एका कोअरकडून दोन कामं घेण्याची सोय, बंद आहे. आणि एकच आलेख दिसतो म्हणून कोअर एकच असं नसतं. आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर्स निवडा.

एमएसकॉन्फिग स्वच्छ असेल तर बायोस बघा. 'ॲक्टिव्ह प्रोसेसर कोअर्स'सारखं सेटिंग 'ऑल'वर हवं. इथे घाईने सगळंच डिफॉल्ट करू नका. साटा मोड (डिस्क जोडण्याची पद्धत) 'रेड'वरून (RAID) 'एएचसीआय'वर (AHCI) गेला, तर विंडोजच चालू होत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर असेल तर बायोस अपडेटही लागू शकतं. ते यूपीएसवरच करा. अर्ध्यात लाइट गेली तर बोर्ड हातचा जाऊ शकतो.

लिनक्सवाल्यांनी टर्मिनलवर 'एनप्रॉक' (nproc, प्रोसेसर मोजणारी कमांड) चालवावं आणि बूटच्या ओळीत 'मॅक्ससीपीयूज' (maxcpus) किंवा 'एसीपीआय=ऑफ' (acpi=off) राहिलंय का ते पाहावं. व्हर्च्युअल मशीनला (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरला) तर तुम्ही नेमून दिलेत तेवढेच कोअर मिळतात.

हे सगळं करूनही आकडा जुळला नाही, तरच कूलर उघडा. प्रोसेसर काढताना एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात, इंटेलच्या या बोर्डांत सॉकेटमध्ये. वाकलेली पिन टॉर्च आणि भिंगाने शोधा, बोट लावू नका.