पोकर खेळायला परदेशी निघालात? तिकीट काढण्याआधी या चुका टाळा

पोकर दौऱ्यातल्या महागड्या चुका बहुतेक तिकीट काढतानाच होतात, ठाण्यात किंवा वाशीत घरी बसून. टेबलावर पत्ते वाईट पडले तर इलाज नसतो. बाकीच्या गोष्टींना असतो.

सुरुवात परतीच्या तारखेपासून. मोठी टूर्नामेंट एका दिवसाची नसते. पहिल्या दिवसाच्या दोन-तीन फेऱ्या असतात (1ए, 1बी, 1सी), त्यातली एक आपण निवडायची; त्यातून उरलेले दुसऱ्या दिवशी एकत्र बसतात, मग फायनल. लोक दोन टोकाच्या चुका करतात. एक तर रजा कमी म्हणून 1सी खेळून दुसऱ्या रात्रीचं विमान धरतात आणि स्टॅक (चिप्सचा साठा) उरला की तिकीट बदलायला धावतात. नाहीतर फायनलच्या दिवसापर्यंतचं सगळं वेळापत्रक पत्त्यांवर लावतात आणि पहिल्याच संध्याकाळी बाहेर पडल्यावर हॉटेलच्या खोलीत छताकडे बघत बसतात. बक्षीस साधारण 12 ते 15 टक्के खेळाडूंनाच मिळतं, म्हणजे बाहेर पडण्याची शक्यता कितीतरी जास्त. फेरी 1एचीच घ्या, परतीचं तिकीट तारीख बदलता येणारं काढा आणि फायनलनंतर एक दिवस मोकळा ठेवा. बस्ट झाल्यावर, म्हणजे चिप्स संपून बाहेर पडल्यावर, कुठे जायचं तेही निघण्याआधीच ठरवून ठेवा.

तिकिटातच आता आणखी एक गोची आहे. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळ सुरू झाला आहे. जोडतिकीट काढताना एक टप्पा ‘एनएमआय’चा (नवी मुंबई) आणि दुसरा ‘बीओएम’चा (मुंबई) तर नाही ना, ते तीन अक्षरं वाचून बघा. उलव्यात उतरून सहारच्या टी-टूला पोहोचायचं म्हणजे वाशीचा पूल आणि चेंबूरची गर्दी मध्ये आलीच. बेलापूरकराला जवळचा विमानतळ बघून हुरळायला होतं, घोडबंदरवाल्याला तोच उलटा पडतो.

व्हिसाच्या फॉर्ममध्ये मराठी नावं हमखास अडकतात. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बहुतेकदा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. तिकिटात वडिलांचं नाव गाळलं आणि ई-व्हिसात ठेवलं, की चेक-इन काउंटरवर प्रश्न सुरू. आधार कार्ड बाजूला ठेवा, पासपोर्टच्या खालच्या दोन ओळी बघून भरा. व्हिएतनामचा ई-व्हिसा 90 दिवसांपर्यंतचा मिळतो, एका प्रवेशाला 25 डॉलर, अनेक प्रवेशांना 50. यापेक्षा फार जास्त मागणारी साइट सरकारी नाही, एजंटची आहे. मकाव या चीनच्या कसिनो-शहरात भारतीयांना 30 दिवस व्हिसा लागत नाही, पण हाँगकाँगमार्गे जाऊन तिथे शहरात उतरणार असाल तर आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. मकावला सूट आहे म्हणून ही नोंदणी विसरणारे बरेच.

पैसे: सगळ्यात जास्त गोंधळ इथेच

‘कार्ड आहे ना, तिकडे स्वाइप करू’ हे चालत नाही. कसिनोचे व्यवहार कार्ड कंपन्यांच्या यादीत जुगार या वेगळ्या कोडखाली येतात आणि भारतीय बँका ते नाकारतात. फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) नियमांत लॉटरीची तिकिटं, स्वीपस्टेक्स यांसाठी पैसे परदेशी पाठवायला सरळ मनाई आहे आणि बँका जुगारालाही त्याच माळेत धरतात. बाय-इनचा (टूर्नामेंटच्या प्रवेशाच्या रकमेचा) विषय निघण्याआधी आपल्या सीएशी आणि बँकेशी बोलून घ्या. ‘इथे रोख द्या, तिकडे आमचा माणूस देईल’ असं सांगणारा भेटतोच. तो हवाला आहे, त्या वाटेला जाऊ नका.

प्रवासखर्चाच्या चलनाचे आकडे सोपे आहेत. परवानाधारक दुकानातूनच घ्या. 50,000 रुपयांवरचं चलन रोखीनं मिळत नाही, चेक किंवा ऑनलाइन पैसे द्यावे लागतात. एका प्रवासाला परकीय नोटा 3,000 डॉलरपर्यंत, बाकी फॉरेक्स कार्डावर. पावती फेकू नका.

व्हिएतनामच्या डोंगमध्ये शून्यं इतकी, की डोकं गरगरतं. ढोबळ हिशेब म्हणजे 300 डोंगचा एक रुपया. दरफलकावर 1,00,00,000 + 15,00,000 असं लिहिलं असेल, तर पहिला आकडा बक्षिसाच्या रकमेत जातो आणि दुसरा आयोजकांची फी असते. मिळून 1 कोटी 15 लाख डोंग, म्हणजे सुमारे 38,000 रुपये, त्यातले जवळजवळ 13 टक्के पत्ते पिसण्याआधीच गेले. पुन्हा प्रवेश खुला असेल तर दोनदा बस्ट होऊन तिसरी ‘बुलेट’ (म्हणजे तिसरा प्रवेश) घेईपर्यंत 1 लाख 15 हजार. बजेट एका बाय-इनचं धरून निघालेला माणूस तिसऱ्या बुलेटच्या वेळी परतीच्या आणि हॉटेलच्या पैशाला हात घालतो. आकडा कागदावर लिहा आणि खेळाचा पैसा वेगळ्या पाकिटात ठेवा.

आणखी एक. 20,000 आणि 5,00,000 या दोन्ही नोटा निळसर, प्लास्टिकच्या, गुळगुळीत. पहिली साधारण 70 रुपयांची, दुसरी साडेसोळाशेच्या आसपासची. रात्री टॅक्सीतून उतरताना अंधारात एकीच्या जागी दुसरी जाते. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा.

टेबलावर

घरच्या गेममध्ये चालतं ते तिथे चालत नाही. मोठा ब्लाइंड (डावाआधी लावायची सक्तीची रक्कम) 1,000 चा आहे, तुम्हाला 5,000 करायचेत आणि तुम्ही न बोलता 5,000 ची एकच चिप पुढे सरकवली. डीलर तो कॉल (नुसती बरोबरी) धरेल, 4,000 परत देईल. रेझ करायचं (रक्कम वाढवायची) असेल तर चिप हलवण्याआधी ‘रेझ’ म्हणा. आधी 2,500 ठेवून पुन्हा स्टॅककडे हात नेला, तर तो स्ट्रिंग बेट, वरची भर बाद. तोंडातून शब्द गेला की तो बांधील.

दोघे मित्र एकाच टेबलावर आले तर खरी पंचाईत. डाव चालू असताना एकानं दुसऱ्याला मराठीत ‘सोड रे’ म्हटलं तरी पेनल्टी. ठरलेल्या भाषेतच बोलायचं आणि चालू डावाबद्दल कुणाशीच बोलायचं नाही. ‘मित्र आहे म्हणून मारलं नाही’ हाही गुन्हाच मानतात. दिवाळीच्या तीन पत्तीची सवय इथे नडते.

थायलंडला फिरायला जात असाल तर पत्त्यांचे जोड बॅगेत टाकून हॉटेलच्या खोलीत डाव मांडू नका. 1935 च्या तिथल्या कायद्यानुसार 120 पेक्षा जास्त पत्ते बाळगायला परवानगी लागते. 2016 मध्ये पट्टायात ब्रिज खेळणारी 32 परदेशी मंडळी, बहुतेक वयस्कर, या भानगडीत पोलिस ठाण्यात गेली होती.

जेवण आणि भटकंती

शाकाहारी माणसाला व्हिएतनाममध्ये भाजी दिसते, पण तिच्यातला मासळीचा रस दिसत नाही. नुक माम, म्हणजे मीठ लावून मुरवलेल्या छोट्या माशांचं पाणी, सॉसमध्ये आणि परतलेल्या पालेभाजीतही असतं. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. शब्द आहे ‘आन चाय’, म्हणजे शाकाहारी जेवण. चहा नव्हे. पाटीवर ‘चाय’ लिहिलेली छोटी खानावळ शोधा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तिथले बरेच बौद्ध चायच खातात, त्यामुळे त्या दिवसांत निवड वाढते. कडक बौद्ध परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य, म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्यांचीही सोय. व्हिएतनामच्या दानांग शहराची ‘मी क्वांग’ ही हळदीनं पिवळी केलेली शेवयांची वाटी, रस्सा अगदी बेताचा, वर शेंगदाणे आणि कुरकुरीत तांदळाचा पापड. चाय प्रकारातही मिळते, आणि मराठी जिभेला ‘फो’ या तिथल्या शेवयांच्या सूपपेक्षा लवकर पटते.

डिनर ब्रेक तासाभराचा असतो. त्यात लांबचं हॉटेल गाठू नका, आणि बुफेवर ताव मारून रात्री अकराच्या ब्लाइंडला पेंगू नका. चांगलं जेवण बस्ट झालेल्या दिवसासाठी राखून ठेवा.

त्याच दिवसासाठी ‘मी सन’ हे ठिकाण. दानांगपासून साधारण 70 किलोमीटरवर चंपा या जुन्या राज्याच्या राजांची विटांची शिवमंदिरं आहेत, 1999 पासून जागतिक वारशात. आपल्या पुरातत्त्व खात्याला तिथल्या दुरुस्तीत 2020 मध्ये नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग सापडलं. पहाटे निघा, नऊनंतर ऊन आणि बसगाड्या दोन्ही वाढतात. वेळ कमी असेल तर शहरातलं चाम शिल्पसंग्रहालय दोन तासांत होतं. जवळचं होई आन हे जुनं गाव संध्याकाळी बघा.

मकावला गेलात तर कसिनोच्या बाहेर पडून मकानीज, म्हणजे पोर्तुगीज-चिनी मिसळीचं तिथलं जेवण जेवा. पोर्तुगीज गलबतांबरोबर गोव्याचे मसाले तिथे पोहोचले, आणि ‘बालिशाँव’ या कोळंबीच्या चटणीत गोव्याच्या बालचांवचा भाऊबंद लगेच ओळखू येतो.

जिंकलात तर

इथे आनंदाच्या भरात लोक कागद मागायला विसरतात. व्हिएतनाममधून 5,000 डॉलर किंवा दीड कोटी डोंग यापेक्षा जास्त रोख बाहेर नेताना जाहीर करावी लागते, आणि दीड कोटी डोंग म्हणजे फक्त 50,000 रुपये. बक्षिसाची सही-शिक्क्याची पावती तिथेच घ्या. मुंबईत उतरताना परकीय नोटा 5,000 डॉलरहून जास्त असतील तर कस्टम्सच्या लाल चॅनलमधून जाऊन फॉर्म भरा. जिंकलेल्या रकमेवर भारतात सरळ 30 टक्के कर आणि वर सेस. विमानभाडं, हॉटेल, बाकीच्या टूर्नामेंटमधला तोटा, काही वजा होत नाही. एका ठिकाणी तीन लाख जिंकून दुसरीकडे साडेतीन लाख घालवले तरी कर तीन लाखांवर. अमेरिकेत 30 टक्के तिथेच कापतात, तो कागद सीएला द्या.

उरलेलं परकीय चलन 180 दिवसांत परत करायचं, 2,000 डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतं. डोंग मात्र दानांगच्या विमानतळावरच डॉलरमध्ये बदला. ठाण्या-वाशीत त्याला गिऱ्हाईक सहसा मिळत नाही.