अमेरिकी संघीय न्यायालयाचे समन्स हाती आल्यावर

अमेरिकेच्या संघीय जिल्हा न्यायालयांत 1938 पासून दिवाणी कार्यपद्धतीचे समान नियम लागू आहेत, आणि प्रतिवादीने त्यांतील बारावा नियम सर्वांत आधी वाचावा. समन्स बजावल्यापासून उत्तर देण्यास सामान्यतः 21 दिवस मिळतात; त्यात बजावणीचा दिवस धरू नये, आणि अखेरचा दिवस शनिवार, रविवार किंवा कायदेशीर सुट्टीचा असल्यास मुदत पुढील कामकाजाच्या दिवसापर्यंत लांबते. वादीने औपचारिक बजावणी माफ करण्याची, म्हणजे समन्स रीतसर हाती न देताही ते मिळाले असे मानण्याची, विनंती पाठवली असेल, तर ती मान्य करणे बहुधा हिताचेच ठरते, कारण मग विनंती पाठवल्याच्या तारखेपासून 60 दिवस, आणि ती अमेरिकेबाहेर, समजा पुण्यात, पाठवलेली असल्यास 90 दिवस मिळतात.

खरी मेख पुढेच आहे. न्यायालयाला आपल्यावर अधिकारक्षेत्र नाही, दावा चुकीच्या जिल्ह्यात दाखल झाला किंवा बजावणी सदोष होती, हे आक्षेप बाराव्या नियमाखालील, म्हणजे उत्तर देण्याआधी करायच्या, पहिल्याच अर्जात, आणि असा अर्ज केला नसेल तर उत्तरात, घ्यावे लागतात; एरवी ते साधारणपणे कायमचे गमावले जातात. (दाव्याच्या विषयावरील अधिकारक्षेत्राचा, म्हणजे अशा प्रकारचा दावा ऐकण्याचा न्यायालयाला अधिकारच नाही हा, आक्षेप मात्र केव्हाही घेता येतो.) उत्तरच न दिल्यास वादी एकतर्फी निकाल मागू शकतो. समन्स राज्य न्यायालयाचे असल्यास त्या राज्याचे नियम पाहावेत.