नवरा-बायकोचं ऑनलाईन काउन्सेलिंग: पहिल्या कॉलला बसायच्या आधी

आमच्या चोपड्याकडे नवरा-बायकोचं बिनसलं की सासर-माहेरची बैठक बसते, चार मोठी माणसं दोघांचं ऐकून घेतात आणि कोणाचं चुकलं ते सांगून मोकळी होतात. आम्ही दोघं पण तेच डोक्यात धरून पहिल्या कॉलला बसलो होतो, हे सुरतला कामाला आणि मी इथे सासूबाईंजवळ, म्हणून ऑनलाईनच जमण्यासारखं होतं. तर पहिलं हेच सांगते, काउन्सेलर निकाल देत नाही. मी तीनदा विचारलं, मॅडम तुम्हीच सांगा चूक कोणाची, नाहीच सांगितलं.

सेशन साधारण 50 ते 60 मिनिटांचं असतं. पहिल्या वेळी लग्नाला किती वर्षं झाली, घरात कोण कोण, भांडण कशावरून पेटतं हेच जास्त विचारतात. पुष्कळ जण नंतर दोघांशी वेगवेगळं पण बोलतात, तेव्हा मी एकटीने सांगितलेलं यांना सांगणार का हे आधीच विचारून घ्या, प्रत्येकाचा नियम वेगळा असतो.

खरी अडचण जागेची. एकत्र कुटुंबात भिंतीला कान असतात, म्हणून मी गच्चीवर जायची, ते पण ऊन उतरल्यावर, नाहीतर मे महिन्यात गच्ची तव्यासारखी तापते. इअरफोन पाहिजेच. लाईटचा भरवसा नाही म्हणून मोबाईल फुल चार्ज ठेवा आणि कॉल कटला तर कोणी परत लावायचा ते ठरवून ठेवा, नाहीतर समोरच्याला वाटतं रागानेच कट केला, आमचं एकदा त्याच्यावरूनच दोन दिवस बोलणं बंद होतं.

तिसऱ्या सेशनला मॅडमनी मला बोलायला लावलं आणि मी काय बोलले ते ह्यांना परत सांगायला लावलं. हे म्हणाले, "हिचं आईशी पटत नाही." मी तर म्हटलं होतं की रात्री फोन आला की तुम्ही आईशी अर्धा तास बोलता आणि मला फक्त "जेवलीस ना" विचारून ठेवून देता. चौथ्या वेळेला ह्यांनी बरोबर सांगितलं तेव्हा मला रडूच आलं. मग रोज दहा मिनिटं बोलायचं, पैशाचा आणि घरच्यांचा विषय काढायचा नाही असा गृहपाठ मिळाला.

मराठीत बोलणाराच काउन्सेलर शोधा, अहिराणी समजत असेल तर फारच छान, राग आला की तीच निघते तोंडातून. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, अशा लोकांची नोंदणी ठेवणारी सरकारी संस्था) रजिस्ट्रेशन विचारा, बाकीच्यांना शिक्षण आणि जोडप्यांसोबत कामाचा अनुभव विचारा, फी पण आधीच. फीचं जमत नसेल आणि जीव फार घाबरत असेल तर 14416 वर टेली मानस आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास आणि मराठीत, ते जोडप्याचं काउन्सेलिंग नव्हे पण मन मोकळं करता येतं.

आणि घरात मारहाण होत असेल तर जोडीने बसूच नका ताई, कॉलवर खरं बोललात तर कॉल संपल्यावर त्याचाच राग तुमच्यावर निघेल. आधी एकटीने बोला, 181 महिला हेल्पलाईन आहे, आणि जिवावर बेतलं तर सरळ 112.